बटणांच्या डब्यातलं पाकीट

३ फेब्रुवारी, सोमवार

नर्सबाईंनी सांगितलं, गोळी घेतली की वहीत तारीख लिहायची. थोरलीची शाळेची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली. तारीख लिहून उठायचं होतं, पण दहावीनंतर पेन हातात धरलं नव्हतं, आता ते खाली ठेववत नाहीये.

पहिली गोळी घेतली. मसुराएवढी आहे. एवढीशी गोळी माझा जीव वाचवणार, यावर कुणाचा विश्वास बसेल?

धाकट्याला चौदा महिने झाले. त्याच्या वेळी माझं रक्त थांबेना. मला फक्त छताचा दिवा आठवतो, बाकीचं यांनी सांगितलं, तेही एकदाच. एका कागदावर सही घेतली होती म्हणे यांची. नंतर डॉक्टर खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "निदान दोन वर्षं दिवस जाऊ द्यायचे नाहीत. पुन्हा असं झालं तर आम्ही काही करू शकू की नाही, सांगता येत नाही." तेव्हापासून हे बाहेरच्या खोलीत झोपतात. भांडण नाही, रुसवा नाही. माणूस घाबरलाय.

शेवटी मीच दवाखान्यात गेले. नर्सबाईंनी रक्तदाब मोजला. सिगारेट ओढता का, अर्धं डोकं दुखतं का, पायात रक्ताची गाठ झाली होती का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "काम कुठे करता?" म्हटलं, हॅचरीत, अंडी उबवायच्या मशीनवर. "अरे वा, मग तुम्हाला समजावणं सोपं आहे," म्हणाल्या, आणि पुढे जे सांगितलं ते काही सोपं नव्हतं.

मला कळलं ते असं. डोक्यातून दर महिन्याला अंडाशयाला निरोप जातो, की एक अंडं पिकव आणि सोड. या गोळीत दोन संप्रेरकं आहेत, आपल्या अंगात असतात त्याच जातीची. ती रोज रक्तात राहिली की डोकं तो निरोप पाठवतच नाही. निरोप नाही म्हणून अंडं पिकत नाही, सुटत नाही. अंडंच नाही तर मूल कुठून राहणार?

"म्हणजे खुडूक," मी म्हटलं.

"खुडूक म्हणजे?"

घ्या. एवढ्या शिकलेल्या बाईला मी शिकवलं. आईकडे पाच-सहा कोंबड्या होत्या. एखादी अंड्यांवर बसली की नवीन अंडं द्यायचं बंद करते, तिच्या अंगालाच कळतं की आता ते काम नाही. तिला म्हणायचं खुडूक. नर्सबाई खूप हसल्या. म्हणाल्या, अगदी तसंच नाही, पण तुम्हाला लक्षात ठेवायला चांगलं आहे. आणखी दोन गोष्टी सांगितल्या. गर्भपिशवीच्या तोंडाशी चिकट पाणी असतं, ते गोळीने घट्ट होतं, पुरुषाचं बीज त्यातून आत जाऊ शकत नाही. आणि पिशवीचं आतलं अस्तर पातळ राहतं. पण मुख्य काम पहिलंच.

"एकवीस दिवस रोज एक, ठरलेल्या वेळी. मग सात दिवस थांबायचं. आठव्या दिवशी नवीन पाकीट."

मी पाठ म्हणून दाखवलं. पाकीट बटणांच्या डब्यात ठेवलंय, दोऱ्याच्या रिळांखाली. सासूबाईंना कळलं तर घरात काय होईल याचा विचारही नको. त्यांना तिसरं हवं असणार. बोलत नाहीत, पण शेजारणीचं बाळ कडेवर घेऊन किती वेळ उभ्या असतात ते मला दिसतं ना.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी थोरलीच्या शाळेच्या शर्टाचं बटण तुटलं. मी धाकट्याला भरवत होते, तेवढ्यात सासूबाईंनी डबा उघडलासुद्धा. भरवायचा घास मी माझ्याच तोंडात टाकला. पण त्यांनी बटण काढलं, शिवलं, डबा होता तिथे ठेवला, एक शब्द बोलल्या नाहीत. दिसलं नसणार. त्यांना हल्ली जवळचं कुठे नीट दिसतं! जीव भांड्यात पडला.

गोळी चौथी.

१० फेब्रुवारी, सोमवार

मळमळतंय. सांगितलं होतं, थोडे दिवस होईल. गोळी घेतेय म्हणून मळमळणं आणि दिवस गेले म्हणून मळमळणं यात काय फरक, देव जाणे.

सासूबाईंनी एक नवीन खूळ काढलंय. संध्याकाळी आठ वाजले की, "पाणी प्यालीस का गं?" गेले तीन-चार दिवस रोज. मी काय लहान आहे? तहान लागली की पिईन. आज म्हटलं, "आई, मला तहान नाही." तर म्हणाल्या, "नसली तरी पी. आठवणीने पी." म्हातारपणी माणूस कशाकशाच्या मागे लागतं. उठले, आतल्या खोलीत गेले. तसंही गोळीची वेळ झालीच होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे आत आले. उशी घेऊन. दारात उभं राहून विचारलं, "चालेल ना?" लग्नाला सात वर्षं झाली आणि माणूस परवानगी मागतोय. मी म्हटलं, "उशी आणलीत ना, मग आता परत कुठे नेताय?"

यांना मी सगळं समजावून सांगितलं होतं, खुडूकसकट. गाड्यांच्या इंजिनात डोकं घालणारा माणूस, त्यांना एकच प्रश्न. "आणि नाही चाललं तर?" मी म्हटलं, नर्सबाई म्हणाल्या, नीट घेतली तर शंभरात जेमतेम एखादीला, तेही वर्षभरात. त्यावर त्यांनी खूप वेळ विचार केला. आज उत्तर मिळालं.

गोळी चौदावी. मळमळ गेली. मी कुणाचे आभार मानू ते कळत नाही, म्हणून वहीत लिहून ठेवते. नर्सबाई, ज्या कुणी ही गोळी शोधली ते, आणि डॉक्टर, ज्यांनी खुर्ची ओढून सांगितलं, उभ्या उभ्या नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पाकीट संपलं, काल एकविसावी. आज शून्य.

हॅचरीत असंच मोजतात. अंडी मशीनमध्ये ठेवली तो दिवस शून्य, चोवीस तास भरले की एक. अठराव्या दिवशी ट्रे बदलायचे, एकविसाव्याला पिल्लं. नवीन आलेल्या मुली ठेवल्याचा दिवस एक धरतात आणि सुपरवायझरची बोलणी खातात. आठ वर्षं झाली मला, झोपेतही चुकणार नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पाळी आली. दरवेळी कंटाळा यायचा, आज आनंद झाला. तीन महिने रखडलेला पगार चौथ्या महिन्यात झाल्यावर होतो तसा.

३ मार्च, सोमवार

सासूबाई आठवडाभर गप्प होत्या. मला वाटलं, सुटले. आज आठ वाजता पुन्हा, "पाणी प्यालीस का?" आज कसलं पाणी? आज सातवा, गोळी उद्या. दिवसभर ट्रे उचलून खांदे गेले होते, तोंडातून गेलंच, "आई, माझ्या पाण्याचं मी बघते." त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि भांडी घासायला घेतली. भांडी घासायची माझी पाळी होती. वाईट वाटलं.

४ मार्च, मंगळवार

आठवा दिवस. दुसरं पाकीट, पहिली गोळी.

१७ मार्च, सोमवार

आज अंडी तपासायला बसलो होतो. अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं दिव्यावर धरायचं. आत लाल शिरा दिसल्या तर जिवंत, नुसतं पिवळं दिसलं तर बाजूला. माझ्या शेजारी आमची तोफ. तिचं खरं नाव पगाराच्या यादीत असेल, आम्हाला तोफच माहीत. पलीकडे नवीन आलेली एक मुलगी, लग्नाला वर्ष व्हायचंय. ती हळूच म्हणाली, इतक्यात मूल नको वाटतं. झालं, तोफ सुटली. "गोळ्याबिळ्यांच्या नादी लागू नकोस हं. त्या सगळ्या पोटात साठतात, गोळा होतो. मग जन्मभर मूल होत नाही."

साठत कुठल्या? सात दिवस थांबलं की अंगातून जातात म्हणून तर पाळी येते. आणि बंद केल्या की अंडाशय पुन्हा कामाला लागतं. मला सगळं माहीत होतं. मी अंडं दिव्यावर धरून बसले. सांगितलं असतं तर उद्या सगळ्या हॅचरीत पसरलं असतं. लाज वाटली.

नवीन मुलीने माझ्याकडे पाहिलं होतं. मी बघितलं नाही.

गोळी चौदावी.

१ एप्रिल, मंगळवार

पाकीट २४ मार्चला संपलं. पाळी अजून नाही. आज सातवा दिवस, नाही म्हणजे नाही. मागच्या वेळी तिसऱ्या दिवशी आली होती.

आठ वाजता सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन समोर येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "ठेवा तिथे." त्या ठेवून उभ्याच. "पी ना," म्हणाल्या. मला एकदम रडू आलं आणि मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

यांना अजून सांगितलं नाही. गेल्या दोन-तीन दिवसांत आम्ही जवळ आलो होतो. इतके खूश आहेत सध्या, शिट्टी वाजवत दाढी करतात.

२ एप्रिल, बुधवार

नवीन पाकिटातली पहिली घेतली. घ्यावी की नाही कळेना, घेतली. उद्या गुरुवार, नर्सबाईंचा दिवस.

धाकटा मांडीवर झोपलाय. याला माझा चेहरा लक्षात राहण्याएवढं वय तरी होऊ दे, असला विचार मनात आला. लिहिला, आता खोडत नाही.

३ एप्रिल, गुरुवार

नर्सबाईंनी लघवी तपासली. नाही. मी रडायच्या बेतात होते, त्या म्हणाल्या, "थांबा, एवढ्यात नको. गोळीने अस्तर पातळ होतं, म्हणून कधीकधी पाळी येतच नाही. पण एकही गोळी चुकली नाही ना?"

"एकही नाही. वही आहे माझ्याकडे."

त्यांनी फक्त तारखा वाचल्या (बाकीचं वाचू नका म्हणून मी हात ठेवला होता). बोटावर मोजलं. पुन्हा मोजलं. मग विचारलं, "शेवटची गोळी तेवीस फेब्रुवारीला. मग नवीन पाकीट चार मार्चला का?"

"आठवा दिवस म्हणून."

"चोवीसला एक, पंचवीसला दोन... तीन मार्चला आठवा."

"चोवीसला शून्य," मी म्हटलं.

त्यांना काही कळेना. मी हॅचरीचं मोजणं समजावलं, आणि बोलता बोलता मीच बोटं मोजायला लागले. आठ वर्षांचा अनुभव. झोपेतही न चुकणारी मी. दर महिन्याला एक दिवस जास्त, दोन्ही वेळा.

नर्सबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चूक माझीही आहे, मी तारीख लिहून द्यायला हवी होती. आणि मग नीट सांगितलं. सात दिवस गोळी नसली तरी अंडाशय झोपेतच असतं, तेवढ्यात त्याला अंडं पिकवायला वेळ मिळत नाही. म्हणून ते सात दिवसही सुरक्षित. पण सुट्टी लांबली की डोक्यातून पुन्हा निरोप सुटतो. मधली एखादी विसरण्यापेक्षा नवीन पाकिटाला उशीर होणं जास्त वाईट. एका दिवसाने होईलच असं नाही, पण होणारच नाही असंही नाही. आजच्या तपासणीने मागच्या महिन्याची खात्री झाली. या आठवड्याचं कळायला तीन आठवडे लागतील. गोळ्या चालू ठेवायच्या, सात दिवस निरोध वापरायचा, २४ तारखेला यायचं.

"आणि असलं तर?" मी विचारलं.

"तर आपण लगेच मोठ्या दवाखान्यात जाऊ. मी येईन तुमच्याबरोबर. वेळेवर कळलं तर पुष्कळ करता येतं." हे त्यांनी माझा दंड धरून सांगितलं. अशी माणसं आहेत म्हणून चाललंय.

दुपारी कामावर गेले. आज मशीनमध्ये नवीन खेप भरली, बारा हजार अंडी. ती पण २४ तारखेलाच फुटणार. मशीनवरची तारीख मी लिहिली.

७ एप्रिल, सोमवार

यांना सांगितलं. हात धुतले, पुन्हा धुतले, ग्रीस कधीच गेलं होतं. मग पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "त्या कागदावर सही करताना मला माझं नाव आठवत नव्हतं." एवढंच. उशी मात्र बाहेर नेली नाही. माझा हात धरून बसले. दीड वर्षापूर्वी असं बसता आलं असतं तर दोघांचं ओझं हलकं झालं असतं, पण तेव्हा आम्हाला जमलं नाही.

१० एप्रिल, गुरुवार

आज जे झालं ते लिहायला मला दोन वेळा उठून पाणी प्यावं लागलं.

संध्याकाळी भाजी निवडत होतो, सासूबाई आणि मी. मुलं बाहेर. त्या भाजीकडेच बघत म्हणाल्या, "पहिली तारीख होती गं. तू दुसरीला घेतलीस."

मी विचारलं, "काय घेतली?"

"मागच्या महिन्यातही. तिसरीला घ्यायची ती चौथीला. मी म्हटलं पाणी पी, तर तू माझ्यावर खेकसलीस."

रोज आठ वाजता. सात दिवस गप्प. मग पुन्हा रोज आठ वाजता. मी किती मठ्ठ आहे हे मला आज कळलं, आणि तेही सासूसमोर.

"तुम्हाला कसं कळलं?"

"बटणाच्या डब्यात. एवढं काही आंधळी नाही झाले मी." मग देठ खुडत, "मीही घेतल्यात. तिघांनंतर. पाच वर्षं. पिठाच्या डब्यात ठेवायचे, तळाशी. माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही."

आमचे हे तिसरे. सगळ्यांत धाकटे. मी कधी विचारच केला नव्हता की तिघांवर का थांबलं.

"मग तुम्ही सरळ सांगितलं का नाही मला?"

"मला वाटलं, हल्लीच्या गोळ्यांचं गणित वेगळं असेल. तू शिकलेली. आणि..." त्यांनी निवडलेली भाजी परत निवडायला घेतली. "तुझं तुझ्याजवळ असू दे म्हटलं. माझं कुणी बघितलं असतं तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं."

मी म्हटलं, "मला वाटत होतं तुम्हाला तिसरं हवंय."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "नातवंडं दोन आहेत. सून एकच आहे."

मी भाजी उचलली आणि चुलीवर टाकली. मीठ दोनदा पडलं. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली.

२१ एप्रिल, सोमवार

ट्रे बदलले. अठरावा दिवस. अंड्याला कान लावला तर आत टकटक ऐकू येते. दर वेळी आवडतं, आज अंगावर काटा आला. यांनी कॅलेंडरवर २४ भोवती गोल काढलाय, इतका जोर देऊन की मागच्या पानावरही उमटलाय. रोज आठ वाजता आता मायलेक मिळून पाणी पाणी करतात. मी पाण्यानेच फुगेन.

२४ एप्रिल, गुरुवार

नाही.

नर्सबाईंनी दोनदा तपासलं. नाही. खुडूक जागची हलली नव्हती, म्हणाल्या, आणि त्यांना हा शब्द वापरायला मिळाल्याचा फार आनंद झालेला दिसला. आता मला अठ्ठावीस गोळ्यांचं पाकीट दिलंय. शेवटच्या सात गोळ्यांत औषध नाही, नुसतं मोजणं चुकू नये म्हणून. तीस तारखेला सुरू करायचं, तारीख त्यांनी पाकिटावर स्वतः लिहिली, खाली दोन रेघा ओढल्या.

सासूबाई बरोबर आल्या होत्या. बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी दारातूनच मान हलवली. त्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. मी शेजारी बसले.

त्या म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण पाचव्या वेळी गेली. घरातच. मी तिथे होते."

हे मला माहीत होतं, असंच, आडून कानावर आलेलं.

"चौथ्यानंतर ती मला म्हणाली होती, आक्का, आता सोसवत नाही गं. माझ्या पिठाच्या डब्यात तेव्हा तीन पाकिटं होती." त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. "मी म्हटलं, होईल सगळं ठीक. मला सांगायची लाज वाटली."

मी त्यांचा हात हातात घेतला. बाकावर आमच्या बाजूला चार बाया बसल्या होत्या, त्या सगळ्यांनी ऐकलं. सासूबाईंना त्याची फिकीर नव्हती.

२५ एप्रिल, शुक्रवार

कालची पिल्लं आज खोक्यांत भरली. साडेदहा हजार निघाली, चांगली खेप. नवीन मुलगी माझ्याशेजारीच उभी होती. मी हात चालवतच बोलायला सुरुवात केली. निरोप कसा जातो, अंडं का सुटत नाही, तोंडाशी पाणी कसं घट्ट होतं, अस्तर कसं पातळ राहतं. गोळ्या पोटात साठत नाहीत. आधी रक्तदाब मोजून घ्यायचा, नर्सला विचारल्याशिवाय सुरू करायच्या नाहीत. आणि सुट्टीचा पहिला दिवस म्हणजे एक, इथलं मोजणं तिथे चालवायचं नाही.

हात सगळ्यांचे थांबले होते. खोक्यात पिल्लांचा कलकलाट. तोफेने नेहमीप्रमाणे मध्ये तोंड घातलं नाही. सगळं ऐकून घेतलं, मग खोकं बाजूला ठेवलं आणि हळू आवाजात, तिला येतो हे मला माहीतच नव्हतं अशा आवाजात, विचारलं, गुरुवारी किती वाजता उघडतो तो दवाखाना.

मी वेळ सांगितली.

"तुला हे सगळं घ्यायला लावलं कुणी? घरी चालतं?"

मी म्हटलं, रोज आठ वाजता आठवण करून देतात माझ्या सासूबाई.

कुणाचाही विश्वास बसला नाही.